गाव सुटले की ‘कर’ लागतो

महाडजवळ, सावित्रीच्या खोऱ्यात, सव नावाचे गाव आहे. नाव फक्त दोन अक्षरांचे. तेथे गरम पाण्याचे झरे असल्यामुळे भूगोल शिकवणाऱ्यांच्या ते कानावर आलेले असते. आम्हाला मात्र या लेखापुरते त्याचे पाणी नको, नाव हवे आहे. मराठीचा साधा नियम लावला तर सवचा राहणारा तो सवकर. (हा शब्द भरभर लिहिताना दोन काने जास्त पडले तर त्याचा सावकार होतो, ही गोष्ट वेगळी.) नियम इतका सरळ आहे, तर मग सवमधली सगळी घरे सवकरांची, महाडमधली महाडकरांची आणि पोलादपुरातली पोलादपूरकरांची का नसतात?

महाड-पोलादपूर भागातली परिचित आडनावे आठवून पाहा. मोरे, जाधव, कदम, पवार, सकपाळ, मालुसरे, देशमुख, टिपणीस. यांतल्या एकाही नावात गाव नाही. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यात आहे, पण तानाजी उमरठकर झाले नाहीत. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १८९६ साली महाडजवळच्या नाते या गावी जन्मले. त्यांचे आडनाव गावावरून नव्हे, तर वतनाच्या हुद्द्यावरून आलेले. टिपणीस हाही हुद्दाच. दप्तरात टिपणे ठेवणारा तो टिपणीस.

कारण सोपे आहे. नाव हे खूण पटवण्यासाठी असते. खुद्द सवमध्ये ‘सवचा’ म्हटल्याने कोणाचीच खूण पटत नाही, कारण तेथे सगळेच सवचे. गावात माणूस ओळखला जातो तो वाडीवरून, घराण्यावरून, धंद्यावरून, नाहीतर बापाच्या नावावरून. तोच माणूस महाडच्या बाजारात आला की ‘तो सवचा’ एवढे पुरते. मुंबईला गिरणीत लागला तर तेथे सव कोणाला ठाऊक असणार? तेथे तो महाडचा होतो. म्हणजे माणूस गावापासून जसजसा लांब जातो तसतसे त्याच्या ओळखीचे वर्तुळ मोठे होत जाते. या वर्तुळांपैकी नेमके कोणते आडनावात गोठेल, हे तो कोठे जाऊन राहिला आणि तेथे कोणत्या वेळी कोणी त्याचे नाव कागदावर उतरवले यावर ठरते. म्हणून आमचा पहिला मुद्दा असा, की गावावरून आलेले ‘कर’कारान्त आडनाव माणूस कोठे राहतो हे बहुधा सांगत नाही. त्याच्या घराण्याने कोणते गाव सोडले हे ते सांगते. आणि ते आडनाव त्याला दुसऱ्यांनी दिलेले असते.

याचा सर्वांत देखणा पुरावा याच रायगड जिल्ह्यात आहे. किनाऱ्यावरच्या गावांमध्ये शतकानुशतके राहिलेले बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. ते आपसात बापाच्या नावाने ओळखले जात; पण त्यांनी आडनावे घेतली ती गावांची. किहीमकर, पेणकर, नवगावकर, झिराडकर, रोहेकर, दिवेकर अशी शंभराहून अधिक गावांची नावे त्यांच्या आडनावांत आहेत. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांपैकीच. समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या आडनावात किहीम आहे. १९४८ नंतर या समाजातले बहुसंख्य लोक हळूहळू इस्रायलला गेले. तेव्हा अलिबाग तालुक्यातल्या एका किनारी गावाचे नाव दिमोना किंवा अश्दोदच्या घराच्या पाटीवर हिब्रू लिपीत दिसले तर नवल वाटायला नको. गावकरी गेले, आणि जाताना गाव आडनावात घालून घेऊन गेले.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. दिवेकर हिंदूंतही आहेत आणि बेने इस्रायलींतही. एकाच गावातून ब्राह्मण, मराठा, महार, मुसलमान, ज्यू असे कोणीही बाहेर पडू शकते आणि प्रत्येकाला तोच ‘कर’ लागू शकतो. तेव्हा ‘कर’ हा रक्ताचा धागा नसून मातीचा आहे. दोन दिवेकर नातलग असतीलच असे नाही. पूर्वी एका शिवारात राहत होते, एवढेच त्यातून निघते. तेही एकाच नावाची दोन गावे नसतील तर!

आडनाव आपल्याकडे फार जुने आणि अढळ असते, अशी आपली समजूत असते. इतिहास पाहिला तर ते वहाणेसारखे बदललेले दिसते. श्रीवर्धनचे भट १७१३ साली पेशवेपदावर आले आणि त्यांचे घराणे पेशवे या नावानेच ओळखले जाऊ लागले. नाना फडणवीस मूळचे भानू. गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकरांचे घराणे गाडगीळ. सांगलीकडच्या पलूसवरून ते पलुसकर झाले. गोव्यातल्या मंगेशीने तर एकाच देवळाच्या परिसरातून दोन तऱ्हेची आडनावे दिली. गावावरून मंगेशकर, आणि देवाला अभिषेक करण्याच्या कामावरून अभिषेकी. आडनाव पक्के झाले ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतर, जेव्हा शाळा, पलटण, कोर्ट आणि पगारपत्रक या चारही ठिकाणी कारकुनाला स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव असा तीन पदरी मजकूर हवासा झाला. या चौघांपैकी शाळेचा वाटा आम्हाला सगळ्यांत मोठा वाटतो, कारण तेथे लिहिलेले नाव पुढच्या सगळ्या दाखल्यांवर उतरते. शिक्षक वाचकांना हे सांगायला नकोच.

दोन हजेरीपट

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव दाखल झाले: भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचे आडनाव सकपाळ. मूळ गाव आंबडवे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले. महाडहून फार लांब नाही. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते, घराणे गावाबाहेर पडून पिढी उलटली होती, म्हणजे ‘कर’ लागण्याची सगळी तयारी झालेली होती. आंबडवेचा तो आंबडवेकर. त्याचे आंबेडकर कसे झाले याची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. शाळेत आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते, त्यांचा या मुलावर लोभ होता, आणि उच्चाराला सुटसुटीत म्हणून त्यांनी आपलेच आडनाव त्याला दिले, असे सांगितले जाते. बाबासाहेबांनी या शिक्षकांची आठवण पुढे जिव्हाळ्याने सांगितलेली आहे. महाराष्ट्र सरकार २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळते.

या नोंदीत नुसती उच्चाराची सोय झाली असे आम्हाला वाटत नाही. आपल्याकडे ‘आडनाव काय?’ या प्रश्नाखाली बहुतेक वेळा दुसराच प्रश्न दडलेला असतो. हुद्द्याचे आडनाव त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते, घराण्याचेही पुष्कळदा देते. गावाचे आडनाव मात्र ‘कोण?’ या प्रश्नाला ‘कोठला?’ याचे उत्तर देऊन मोकळे होते. त्या एका वर्गात ब्राह्मण शिक्षक आणि महार विद्यार्थी यांचे आडनाव एकच होते. गावाच्या नावाखेरीज दुसऱ्या कोणत्या आडनावाने हे सहजी साधले असते?

अर्थात आडनाव सारखे झाले म्हणून पाणी सारखे झाले नाही. त्याच शाळेतल्या काळातले बाबासाहेबांचे पाण्याचे अनुभव प्रसिद्ध आहेत. पुढे १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला, त्याच्या आधारे महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस हे त्यातले पुढारी. ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी आंबडव्याचे आडनाव लावणारा माणूस महाडला येऊन त्या तळ्याचे पाणी प्याला, तेव्हा त्याला अर्थ आला.

साताऱ्याच्या या नोंदीच्या आधी सुमारे पस्तीस वर्षे, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, असाच एक हजेरीपट भरला जात होता. अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ साली संपली. वेस्ट व्हर्जिनियात मिठाच्या भट्टीवर काम करणारा एक काळा मुलगा शाळेत गेला. गुलामाला आडनाव नसे. तो नुसता बुकर होता. हजेरी सुरू झाल्यावर त्याच्या लक्षात आले, की बाकी सर्वांना निदान दोन-दोन नावे आहेत. आपली पाळी येईपर्यंत त्याने निश्चय केला आणि शिक्षकांनी विचारताच शांतपणे सांगितले, ‘बुकर वॉशिंग्टन.’ त्याच्या सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते. हा मुलगा म्हणजे पुढे टस्कीगी येथे काळ्यांसाठी मोठी शिक्षणसंस्था उभारणारे बुकर टी. वॉशिंग्टन. ही हकीकत त्यांनी स्वतःच १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सांगितली आहे.

आता गंमत पाहा. वॉशिंग्टन हे आडनाव मुळात इंग्रजी ‘कर’च आहे. इंग्लंडच्या उत्तरेला जुन्या डरॅम परगण्यात वॉशिंग्टन नावाचे गाव आहे. बाराव्या शतकात विल्यम नावाच्या एका सरदाराने आपली आधीची जहागीर देऊन हे गाव घेतले आणि तो त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. (सरदाराला आडनाव लागते ते मिळवलेल्या गावाचे, रयतेला सोडलेल्या गावाचे, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.) पुढे घराणे दक्षिणेकडे सरकले, गाव सुटले, नाव राहिले. शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांची जावळी घेतली ते १६५६ साल. त्याच सुमारास या घराण्यातला जॉन वॉशिंग्टन समुद्र ओलांडून व्हर्जिनियात पोहोचला. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हे त्याचे पणतू. त्यांना स्वतःला अपत्य नव्हते, म्हणजे आडनाव पुढे चालवण्यात त्यांचा रक्ताचा वाटा शून्य.

आणि आज ते आडनाव कोणाकडे आहे? अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाची सुमारे १ लाख ६३ हजार माणसे मोजली गेली. त्यांतली ९० टक्के काळी होती. गोरी जेमतेम ५ टक्के. डरॅमच्या एका खेड्याचे नाव, एका इंग्रज सरदाराचे, आज जवळजवळ संपूर्णपणे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांच्या वंशजांचे झाले आहे. मुक्त झालेल्यांनी आडनाव निवडताना देशाच्या पहिल्या अध्यक्षाचे नाव घेतले. काहींनी आधीपासूनचे चालू ठेवले. संख्या वाढली ती संततीने जितकी, तितकीच हजेरीपटांनी.

पण मघाशी गावाचे आडनाव ओळख झाकते असे आम्ही म्हटले, त्याला या आकड्यांनी एक टाचणी लागते. अमेरिकेत आज अर्जावर वॉशिंग्टन हे आडनाव दिसले की अर्जदाराचा वर्ण समोरच्याने ओळखलाच म्हणून समजा. एका गटाने मोठ्या संख्येने एखादे आडनाव घेतले की तेच आडनाव त्या गटाची खूण होऊन बसते. आंबेडकर हे आडनावही आज नुसते ‘आंबडव्याचे’ एवढे सांगून थांबत नाही.

नाण्यांचा खेळ

आडनावे पसरतात कशी याचे एक कारण आपण पाहिले: लोक ती घेतात. दुसरे कारण निव्वळ योगायोगाचे आहे, आणि त्याचा अभ्यास सुरू झाला तो शिक्षकांच्याच एका मासिकातून. १८७३ साली फ्रान्सिस गॉल्टन यांनी इंग्लंडमधल्या ‘एज्युकेशनल टाइम्स’ या मासिकात वाचकांना एक कोडे घातले. नामांकित घराणी निपुत्रिक होऊन नष्ट होतात असे लोक म्हणतात. यात काही खास कारण आहे, की कोणत्याही आडनावाचे पिढ्यान्पिढ्या असेच होणार? वाचकांची उत्तरे समाधानकारक आली नाहीत. मग त्यांनी हेन्री वॉटसन या गणिती पाद्र्याला गाठले आणि १८७४ साली दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला.

हे गणित वर्गात करून पाहता येते. चाळीस मुलांनी कागदावर एकेक आडनाव लिहावे, सगळी वेगवेगळी. प्रत्येक आडनावाचा सुरुवातीला एकच पुरुष आहे असे धरा. प्रत्येक पुरुषासाठी दोन नाणी उडवा. जितके छापे तितके त्याचे मुलगे. दोन्ही काटे पडले तर तेथे ते आडनाव संपले. सरासरीने प्रत्येकाला एक मुलगा, म्हणजे एकूण पुरुष चाळीसच्या आसपासच राहतात. तरीही पहिल्याच पिढीत दहाएक आडनावे गळतात. पाच पिढ्यांनंतर चोवीसच्या आसपास गेलेली असतात, दहा पिढ्यांनंतर तीसच्या आसपास. माणसे तेवढीच, आडनावे पाव. उरलेली आडनावे काही पराक्रमी घराण्यांची नव्हेत. त्यांची नाणी बरी पडली, इतकेच. एखाद्या आडनावाची वीस घरे आणि दुसऱ्याचे एकच घर गावात दिसले, की आपण लगेच त्यामागे इतिहास शोधू लागतो. पुष्कळदा तेथे इतिहास नसून नाणी असतात.

आता दोनऐवजी तीन नाणी घ्या. सरासरीने दीड मुलगा, लोकसंख्या वाढती. या वेळी नऊ-दहा आडनावे सुरुवातीच्या पिढ्यांतच गळतात आणि बाकीची टिकून फोफावतात. वॉटसनच्या निबंधात येथेच चूक झाली होती. लोकसंख्या कशीही असो, सर्व आडनावे शेवटी नष्टच होणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला. डॅनिश गणिती स्टेफेन्सन यांनी १९३० मध्ये ती चूक पूर्णपणे निस्तरली. त्याआधी १९२७ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी हीच पद्धत एका नव्या जनुकाला लावून तो टिकण्याची शक्यता काढली होती. हे हाल्डेन पुढे भारतात येऊन स्थायिक झाले. अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनांच्या साखळीलाही हेच गणित लागू पडते. आडनावांचे कोडे इतक्या दूर जाईल असे गॉल्टनना वाटले नसावे.

याच गणितावरून एक अंदाज बांधता येतो. जेथे आडनावे फार जुनी, तेथे ती थोडी उरतात. कोरियात दर पाच माणसांमागे एक किम आहे. जेथे आडनावे अलीकडची आणि गावागणिक नवी, तेथे ती भरमसाट. कोकण दुसऱ्या प्रकारात मोडते. पहिल्या प्रकाराची झाक मोरे, जाधव, पवार यांच्यात दिसते, पण तेथे एक गुंता आहे. ही आडनावे अनेक जातींत आहेत आणि एका मूळ पुरुषापासून आलेली नाहीत.

हे पडताळायचे तर जीवशास्त्राची मदत घेता येते. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, आडनावासारखेच. इंग्लंडमध्ये ब्रायन साइक्स यांनी २००० साली आपल्याच आडनावाच्या ४८ पुरुषांचे वाय गुणसूत्र तपासले. जवळपास निम्म्यांचे जुळले. २००९ साली लेस्टर विद्यापीठातल्या तुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांचे १,६७८ पुरुष तपासले. दुर्मीळ आडनावाच्या पुरुषांत मूळ पुरुष एक असल्याची चिन्हे ठळक मिळाली. स्मिथ आडनावात ती मिळाली नाहीत, कारण लोहार गावोगाव होते आणि प्रत्येकाचा स्मिथ वेगळा. मोरे-जाधवांची गत स्मिथसारखीच निघेल असे आम्हाला वाटते. आणि ‘कर’वाल्यांची? त्यांचे आडनाव दुर्मीळ असूनही गुणसूत्रे जुळतीलच असे नाही, कारण एका गावातून वेगवेगळ्या जातींची माणसे बाहेर पडून तेच आडनाव लावतात. इंग्रजी आडनावांचे अनुमान जसेच्या तसे आपल्याकडे आणले तर येथे पाय घसरेल.

ही सगळी वाटचाल बापाकडूनच धरली आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. मुलींची नाणी आपण उडवलीच नाहीत. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत स्वतःच्या नावामागे आधी आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव असा क्रम बंधनकारक झाला आहे. हजेरीपटाचा रकाना त्यामुळे रुंद झाला. गॉल्टनचे गणित मात्र त्याने बदलत नाही. आईचे नाव एका पिढीपुरते राहते. नातवाच्या नोंदीत तेथे दुसरीचे येते. आईकडून मुलीला, मुलीकडून नातीला जाणारे आडनाव लावायचे ठरवले तरी नाणी तशीच पडतील, पण उरलेली आडनावे वेगळी असतील.